एक नंबर काढ

उमाकांतरावांच्या बस त्रेचाळीस होत्या, पण शेवटच्या बसवर नंबर होता चव्वेचाळीस. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात मला वाटलं, एक बस कुणीतरी पळवली. तक्त्यावर तीनदा बोट फिरवलं तेव्हा कळलं, सातनंतर एकदम नऊ. आठ नंबर इकडे तमिळ मुलखात अशुभ मानतात. मी मनापासून हसले. आम्हा साताऱ्याकडच्या लोकांना दुसऱ्यांच्या अंधश्रद्धा लगेच दिसतात. आमची क्लार्क विमला वीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली होती. ती शांतपणे म्हणाली की हसायचं तेवढं हसा, पण आठ नंबर मागू नका.

त्याआधी मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांच्या बसगाड्यांचं बघत होते. गाड्या उमाकांतरावांच्याच असत. उशीर झाला की मी फोनवर हिंदी आणि इंग्रजी मिसळून त्यांच्याशी भांडायची. एकदा अर्धा तास वाट पाहून माझं डोकं फिरलं आणि मी फोनवरच पुटपुटले, ‘हे म्हातारं मेलं ऐकतच नाही.’ पलीकडून उत्तर आलं, “म्हातारें ऐकतें हो अम्मा, वंडीच पंक्चर झालीसे.”

मला घाम फुटला. माणूस तंजावरचा मराठी निघाला. साडेतीनशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज तिकडे गेले, ते परत आलेच नाहीत. बायको गेल्यापासून घरात मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं, मुलगी अमेरिकेतून इंग्रजीत बोलायची. पुढच्या फेब्रुवारीत त्यांनी मला पगार वाढवून आपल्याकडे ऑपरेशन्स मॅनेजर म्हणून घेतलं. मला वाटलं, माझ्या कामावर खूश होऊन घेतलं. खरं कारण वेगळं होतं, ते मला महिनाभरात कळलं. रोज सकाळी साडेनऊला ते माझ्या केबिनमध्ये येऊन बसत आणि कामाचं दोन मिनिटांत संपवून वीस मिनिटं नुसतं मराठी बोलत.

ते ‘मजला’, ‘तुजला’ असं बोलायचे, मध्येच तमिळ शब्द पेरायचे आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलायचे. मी म्हणायची, “काका, तुम्ही बोलता की बखर वाचता?” त्यांना ते फार आवडायचं. मी त्यांना सुधारायची. वंडी नाही काका, गाडी. ‘सरि’ नाही, ‘बरं’. ते मान डोलवायचे, नवा शब्द दोनदा घोळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वंडीच म्हणायचे. मला भाषा शिकवण्याची हौस भारी. ऐकण्याची तेवढी नव्हती, हे आता कळतं.

कंपनीची गोष्ट ते त्याच वीस मिनिटांत सांगायचे. दोन हजार तीन साली एक बस घेतली, करूरला बॉडी बांधलेली. तेव्हा सिरुसेरीला सुरूची झाडं जास्त आणि ऑफिसं कमी. रोज एग्मोरहून बावीस माणसं घेऊन ते स्वतः गाडी चालवत जायचे. ऑफिसं वाढली तशा बस वाढल्या. सहा झाल्या, मग चौदा. पंधरा सालच्या पुरात चार गाड्या छतापर्यंत बुडाल्या. एक नंबर, म्हणजे ती पहिली बस, तेवढी वाचली, कारण आदल्या संध्याकाळी आभाळ बघून ते ती उड्डाणपुलावर नेऊन उभी करून आले होते. साथीच्या वेळी सगळ्या दीड वर्ष जागच्या जागी थांबल्या. तेव्हा ते रोज यार्डात येऊन प्रत्येक गाडीचं इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचे, एक नंबरपासून सुरुवात करून.

मी आले तोवर एक नंबर म्हातारी झाली होती. तिला रस्त्यावर माणसं घेऊन जायची परवानगी नव्हती. सेम्मंचेरीच्या यार्डात कडुनिंबाखाली ती उभी असायची, पिवळी आणि तोंड गेटकडे. नेमकी तीच जागा मला हवी होती. सिरुसेरीच्या कंपन्या आता विजेवरच्या बस मागत होत्या. पहिली गाडी येणार होती आणि चार्जर बसवायला विजेच्या खांबाजवळची तेवढीच जागा होती. मी काकांना तीन वेळा सांगितलं की एक नंबर आता विकून टाकू. तिन्ही वेळा ते म्हणाले, “बघूं.” मी चिडायची. धंदा करायचा की म्युझियम, असं मी एकदा विमलाला म्हणाले होते.

पितृपक्षात काका तंजावरला भावाकडे गेले. नवरात्रही बरंचसं तिकडेच काढून आयुधपूजेच्या, म्हणजे गाड्या-अवजारं पुजायच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी परतायचं ठरलं होतं. सुब्बा त्यांना कारने घेऊन गेला. सुब्बा म्हणजे त्यांचा पहिला नोकर-ड्रायव्हर, काकांनी स्टिअरिंग सोडलं तेव्हा एक नंबर त्याच्या हातात दिली होती. जाताना काकांनी सह्यांचे सगळे अधिकार माझ्या नावावर ठेवले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची बायपास झाली होती, त्यामुळे ते तसंही बरंच काम माझ्यावरच टाकू लागले होते.

चौथ्या दिवशी फोन आला. मागे भांड्यांचा आवाज आणि दहा माणसांचा गलका होता. काका ओरडून म्हणाले, “देविकाम्मा, एक नंबर काढ. पूजेअगोदर काढ, विसरूं नको.”

मी म्हटलं, “काढते.” फोन बंद झाला.

आता मराठीत गाडी किती तऱ्हांनी काढतात ते सांगते. कर्ज घेऊन नवी काढतात. कुठे निघायचं असलं की दारातून बाहेर काढतात. आणि जुनी झाली की काढून टाकतात. आमच्या साताऱ्यात कुणी म्हणालं ‘यंदा जुनी गाडी काढायची’, तर समोरचा लगेच विचारतो, कितीला देणार. मी त्याच दुपारी भंगारवाल्याला फोन केला.

कागद घेऊन विमलाकडे गेले तेव्हा तिने वर पाहिलं आणि विचारलं, रावसार म्हणाले? मी म्हटलं, हो. तिने विचारलं, पूजेच्या आधी? मी म्हटलं, आधी, मुद्दाम बजावलंय. तिने कागद पुन्हा एकदा वाचला आणि मग शिक्का मारला. तिचं ते पुन्हा वाचणं मला उद्धटपणाचं वाटलं. तिसऱ्या दिवशी ट्रक आला, एक नंबरला साखळी लावली आणि ओढत घेऊन गेला. त्या जागी दोन आठवड्यांत चार्जर बसला. विजेवरची बसही आली, पांढरीशुभ्र, आणि मी तिचे फोटो काढून सगळीकडे पाठवले. काकांना पाठवले नाहीत. म्हटलं, पूजेच्या दिवशी बघून खूश होतील.

आयुधपूजेच्या सकाळी यार्ड धुऊन काढलं होतं. सगळ्या बसना केळीचे खुंट बांधलेले, काचांवर चंदनाचे ठिपके, प्रत्येक चाकापुढे लिंबू. काका साडेआठला आले, पांढरी वेष्टी नेसून, आणि त्यांच्यामागे सुब्बा दोन्ही हातांवर झेंडूचा एक लांबलचक हार घेऊन. एवढा मोठा हार मी कुठल्या देवाला घातलेला पाहिला नव्हता. काका गेटमधून आत आले, कडुनिंबाकडे पाहिलं आणि थांबले.

मला म्हणाले, “एक नंबर कुठें?”

“काढली की, काका,” मी हसत म्हटलं. “तुम्हीच सांगितलं होतं ना.”

त्यांचा चेहरा उजळला. “काढलीस? बरें. मग कुठें ठेवलीस?”

ते मान वळवून बसच्या रांगांमध्ये बघू लागले. सुब्बाही हार सांभाळत बघू लागला. कुठे ठेवलीस, असं विकलेल्या गाडीबद्दल कुणी विचारत नाही. मी म्हटलं, “दिली, काका. भंगारात.”

त्यांना ते ऐकू आलं नाही असं मला वाटलं, कारण ते आणखी थोडा वेळ बसकडे बघतच राहिले. मग त्यांनी सुब्बाला तमिळमध्ये हळूच विचारलं की ही काय म्हणते. सुब्बाला मराठी येत नव्हती. विमलाने त्याला तमिळमध्ये सांगितलं. सुब्बाच्या हातातून हार खाली पडला. काकांनी वाकून तो उचलायचा प्रयत्न केला, पण त्यांना वाकवेना, म्हणून ते तिथेच एका टायरवर बसले. त्यांचे ओठ पांढरे झाले होते. विमला पाणी आणायला धावली आणि मी तशीच उभी राहिले, हातात आरतीचं ताट घेऊन.

मग विमलाने मला ते सांगितलं, जे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि मला ठाऊक नव्हतं, कारण माझी ती पहिलीच पूजा. दरवर्षी एक नंबर सगळ्यांच्या पुढे असते. आधी तिला जागेवरून बाहेर काढून वर्कशॉपमध्ये रंग देतात, बॅटरी बदलतात; काकांचं ‘काढ’ एवढंच होतं. पूजेच्या दिवशी काका स्वतः स्टिअरिंगवर बसतात, लिंबावरून चाक नेतात आणि कडुनिंबापासून गेटपर्यंत, पन्नास पावलं, गाडी चालवतात. बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. वर्षातली तेवढीच पन्नास पावलं त्यांची होती. ती पन्नास पावलं मी वजनावर विकली होती.

भंगारवाल्याला मी तिथूनच फोन लावला. त्याने सौजन्याने सांगितलं की गाडी तिसऱ्याच दिवशी कापली. स्टिअरिंग? सगळं एकत्रच गेलं मॅडम.

काकांनी मला ओरडावं म्हणून मी वाट बघत होते. ते म्हणाले, “चूक माझी, अम्मा. आमची मराठी अशीच. तुजला कशी कळावी?” आणि सुब्बाच्या खांद्याला धरून उठले. त्या वर्षी दोन नंबर पुढे होती. सुब्बाने ती चालवली. हार दोन नंबरला घातला, तो तिला इतका लांब झाला की गेटपर्यंत जाताना चाकाखाली येऊन तुटला.

त्या रात्री माझा नवरा म्हणाला की यात तुझा दोष नाही, शब्दच तसा आहे. सगळे तेच म्हणत होते. मी ते ऐकून घेत होते आणि आतल्या आत जळत होते. कारण त्या फोननंतर मला एक क्षण शंका आली होती. तीन वेळा ‘बघूं’ म्हणणारा माणूस श्राद्धाच्या गलक्यातून असा घाईने गाडी विकायला कशाला सांगेल? परत फोन लावायला मी बोट उचललंही होतं. आणि खाली ठेवलं, कारण परत विचारलं असतं तर कदाचित ते म्हणाले असते, नाही ग, तसं नव्हे. मला हवा तो अर्थ मला मिळाला होता. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, माझ्या बाबतीत ते कानी पडलं. विमलाने विचारलं तेव्हाही मला कळलं होतं, तेव्हाही मी ‘मुद्दाम बजावलंय’ म्हणून मोकळी झाले.

पूजेनंतर चार दिवस काका आले नाहीत. पाचव्या दिवशी साडेनऊला आले. मी उभी राहिले आणि हे सगळं, जसं इथे सांगितलं तसं, त्यांना सांगितलं. म्हटलं, “काका, तुमची मराठी चुकली नव्हती. मला समजलं होतं. मी न समजल्यासारखं केलं.” मला रडू आलं, आणि मला ते यायला नको होतं, कारण रडणाऱ्या माणसाला कुणी शिव्या देत नाही. मला शिव्या हव्या होत्या, तंजावरच्या, बखरीतल्या, कशाही.

काकांनी सगळं ऐकलं. मग ते म्हणाले, “इट्स ऑलराइट, देविका. थँक यू फॉर टेलिंग मी.”

मला आधी कळलंच नाही काय झालं ते. आठ महिन्यांत ते माझ्याशी इंग्रजीत एक वाक्य बोलले नव्हते. पुढचं सगळं बोलणंही इंग्रजीतच झालं. कुठली गाडी सर्व्हिसिंगला, कुठला ड्रायव्हर रजेवर. आवाजात राग नव्हता, उलट ते काळजीपूर्वक, एकेक शब्द मोजून बोलत होते, पुन्हा घोटाळा नको म्हणून. दोन मिनिटांत काम संपलं आणि ते उठले. वीस मिनिटं बसले नाहीत. आणि उठताना खुर्ची सरळ करून ठेवली, परक्याच्या घरी ठेवतात तशी.

विजेवरच्या बसला अजून नंबर द्यायचा होता. मी धीर करून मराठीत विचारलं की एक नंबर रिकामा आहे, देऊ का? ते म्हणाले, “नो. फॉर्टी-फाइव्ह.” आता आमच्या तक्त्यावर दोन आकडे गायब आहेत. आठ नाही, कारण लोक त्याला घाबरतात. एक नाही, तो माझ्यामुळे.

पंचेचाळीस नंबरची पहिली फेरी सोमवारी होती. काका केबिनच्या दारात आले आणि म्हणाले, “देविका, प्लीज ब्रिंग नंबर फॉर्टी-फाइव्ह टू द गेट.”

मी म्हटलं, “काका, नुसतं ‘काढ’ म्हणा ना.”

त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मग तेच वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, इंग्रजीतच, आणखी सावकाश.