गचका नसलेली लिफ्ट

मी लिफ्टवाला. लिफ्टमध्ये स्टुलावर बसून बटणं दाबणारा नव्हे हो, ती बंद पडली की टूलबॉक्स उचलून, जिन्याला शिव्या देत वर जाणारा. तीस वर्षं हेच केलं. मला एकच वेड आहे: लिफ्टला गचका बसता कामा नये. दार लागलं, लिफ्ट निघाली आणि आतल्या माणसाला निघाल्याचं कळलंच नाही, की मी जिंकलो. काम झालं की मी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला लिफ्टच्या जमिनीवर ठेवतो आणि वरखाली करून बघतो. थेंब सांडला तर पुन्हा पाना हातात. बायको म्हणते, "इतके लाड माझे कधी केले नाहीत." खरं आहे तिचं, पण आत्ता विषय तो नाही.

विषय आमच्या मुलीचा, टिटवीचा. लहानपणी दिवसभर इतकी बडबडायची की हे नाव पडलं ते पडलंच. भौतिकशास्त्र शिकली, चांगली पास झाली, आणि नोकरीच्या वेळी माशी शिंकली. शाळावाले नेमणुकीआधी एक तास घ्यायला लावतात आणि मागे बसून बघतात. घरात आम्हाला बोलू न देणारी ही पोरगी वर्गात उभी राहिली की तोंडाला कुलूप! हातातल्या कागदात डोकं खुपसायची, व्याख्या वाचायची आणि घाम पुसत बाहेर यायची. दोन शाळा "कळवतो" म्हणाल्या. अजून कळवतायत.

आता ही तिसरी शाळा. टिटवीने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं, "इथे नाही जमलं तर शिकवण्याचा नाद सोडला मी. मावशीच्या दुकानात बसते." मावशीचं दुकान कुलपांचं. धंदा काही वाईट नाही. पण जी सातव्या वर्षी सायकल उलटी करून, चाक फिरवून 'हे थांबतंच कशाला?' म्हणून माझा जीव खात होती, तिने कुलपं विकायची? माझ्या घशाखाली ते उतरेना.

योगायोग असा, की त्या शाळेची लिफ्ट नुकतीच माझ्याकडे आलेली, अजून तिला हातही लावला नव्हता. चार मजले, बाकं आणि कपाटं चढवायची ऐसपैस लिफ्ट, पंधरा माणसं सहज मावतील अशी. टिटवीच्या डोक्यात आलं की नववीच्या मुलांना फळ्यावर शिकवायचंच नाही, लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवून शिकवायचं.

"मग आधी आम्हाला शिकव," मी म्हटलं. स्वयंपाकघरात ती ओट्याला टेकून उभी, मी आणि तिची आई विद्यार्थी.

"वस्तुमान म्हणजे वस्तूमध्ये सामावलेल्या द्रव्याचा..." तिने कागद वाचायला घेतला.

"कागद ठेव खाली."

"ठेवला की सगळं विसरते, बाबा."

"विसर. आणि मला सांग, लिफ्टमध्ये माझं वजन वाढेल कसं? मी काय आत जाऊन जेवणार आहे?"

यावर मात्र ती भडकली, आणि भडकली की तिला छान बोलता येतं. "अहो, तुम्ही काट्यावर उभे राहता ना, तेव्हा काटा तुम्हाला खालून वर ढकलत असतो. किती बळ लावून ढकलतोय, तेवढंच तो दाखवतो. लिफ्ट वर निघाली की तुमचा वेग वाढवायला हवा, म्हणून जास्त ढकलावं लागतं. काटा पुढे. लिफ्ट खाली निघाली की ढकलणं कमी. काटा मागे. आणि मधे एकाच वेगाने चालली असेल तर काट्याला काही फरक नाही, मग वेग कितीही असो. वेग नाही, वेग बदलणं महत्त्वाचं. त्याला त्वरण म्हणतात!"

"म्हणजे मी काही बारीकबिरीक होणार नाही?" बायकोने विचारलं.

"नाही गं आई. तू तेवढीच."

"मग काय जाळायचंय तुझं शास्त्र?"

टिटवी हसली, पण हात लगेच कागदाकडे गेला.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं जाऊन प्रयोग करून आलो. टिटवीचं वजन बरोबर पन्नास किलो. लिफ्ट वर निघाली आणि काटा टुणकन पंचावन्नवर. पोरगी टाळ्या पिटायला लागली. आणि मी? मी शरमेने अर्धा झालो. निघताना केवढा तो गचका! माझ्या हाताखालची लिफ्ट, माझ्या लेकीचा तास, आत शाळेच्या मोठ्या बाई उभ्या, आणि लिफ्ट अशी उडी मारणार? नाकच कापलं जायचं.

म्हणून रविवारी दुपारी मी एकटाच शाळेत गेलो. वरच्या मजल्यावर लिफ्टच्या दाराशेजारी एक पेटी असते. पूर्ण वेग गाठायला मोटरने किती सेकंद घ्यायचे, तो आकडा त्यात भरतात. तिथे एक सेकंद होता. मी सहा केले. पेला भरून ठेवला, वरखाली केलं. थेंबसुद्धा हलला नाही. घरी कोणाला बोललो नाही. म्हटलं, पोरीला आयती भेट.

शहाणा ना मी!

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये आम्ही पंधराजण. नववीची बारा मुलं, मोठ्या बाई, टिटवी आणि मी. सामानाच्या लिफ्टमधून मुलं न्यायची तर मेकॅनिक सोबत हवा, असा शाळेचा नियम. मोठ्या बाई म्हणजे करारी बाई. कोपऱ्यात वही उघडून उभ्या राहिल्या आणि पेनाचं टोपण काढलं. त्या आवाजानेच टिटवीचा चेहरा उतरला.

कागद बाहेर आला. "त्वरण म्हणजे एकक कालावधीत वेगात होणारा बदल," तिने वाचलं. एक चष्मेवाली मुलगी काट्यावर उभी राहिली. तीही नेमकी पन्नास किलोची. "आता लिफ्ट वर निघेल आणि काटा पुढे जाईल. नीट बघा."

मी बटण दाबलं. लिफ्ट निघाली. म्हणजे मला माहीत म्हणून मी म्हणतो निघाली. आत कोणाला पत्ता नाही. काटा पन्नासवर. दुसरा मजला आला, काटा पन्नासवर. तिसरा. पुढे चौथ्या मजल्यावर दारसुद्धा उघडलं, आणि काटा आपला पन्नासला चिकटून.

"बिघडलाय," एकजण पुटपुटला.

"लिफ्ट निघालीच नाही बहुतेक," दुसरा म्हणाला, आणि सगळी फिदीफिदी हसायला लागली. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. टिटवीने कागद डोळ्यांजवळ धरला. ती पुढची ओळ शोधत होती, पण असं झालं तर काय बोलायचं, ते कागदावर कुठून असणार?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे देवा! तीस वर्षं ज्याच्या जिवावर उठलो तो गचका म्हणजेच हिचा अख्खा धडा. करायला गेलो काय आणि झालं काय! जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण चौथ्या मजल्यावर तीही सोय नाही.

"टिटवे," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "चूक माझी आहे. काल मी गचका काढला."

तिने मान वर केली. "काय काढला?"

"गचका. म्हटलं, बाईंना लिफ्ट गुळगुळीत वाटावी."

"बाबा!" अशी काही ओरडली की मोठ्या बाईंचं पेन थांबलं. "आधी किती सेकंद होते?"

"एक."

"आणि आता?"

"सहा."

"सहा!" तिने कपाळावर हात मारला. मारताना कागद सुटला आणि एका मुलाच्या बुटाखाली गेला. तिचं लक्षही नव्हतं. ती मुलांकडे वळली होती. "ऐकलंत? माझ्या बाबांनी काय करून ठेवलंय बघा! लिफ्टचा वेग तोच. पण आधी तो एका सेकंदात गाठायची, आता सहा सेकंदांत. मग काटा का हलला नाही? कोण सांगतं?"

काट्यावरची चष्मेवाली हळूच म्हणाली, "वेग... अगदी सावकाश बदलला म्हणून?"

"म्हणजे त्वरण?"

"कमी!" चारपाच जणं एकदम ओरडली.

"आणि त्वरण कमी तर जास्तीचं बळ?"

"कमी!"

"काटा हलला, पण इतका थोडा, की आपल्याला दिसलाच नाही. बाबा, उघडा ती पेटी. दोन सेकंद करा."

मुकाट्याने केले. खाली जाऊन पुन्हा वर निघालो. काटा साडेबावन्नवर जाऊन परत आला. अख्खी लिफ्ट काट्यावर ओणवी. "आता एक करणार," टिटवी म्हणाली. "वेळ निम्मा. आधी सांगा काटा कुठे जाईल, मग बघू." एक म्हणाला त्रेपन्न, एक म्हणाला साठ. चष्मेवालीने बोटं मोजली आणि म्हणाली, "अडीचचे पाच. पंचावन्न."

पेटीत एक भरला. पुन्हा खाली, पुन्हा वर. लिफ्ट गचका देऊन उठली. पंचावन्न! जो गलका झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी लिफ्टमधल्या गचक्याला टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मोठ्या बाईंनी वही बगलेत मारली. "सरका जरा," म्हणाल्या आणि काट्यावर चढल्या. किती भरल्या ते मी सांगणार नाही, मला त्या शाळेत अजून काम आहे. लिफ्ट खाली निघाली आणि काटा आठ किलो मागे आला. बाईंच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं, की मुलं आ वासून बघत राहिली. "पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा वर जाऊन खाली आलो.

"बाई, खाली पोचताना थांबावं लागतं, तेव्हा तेवढंच पुढे जातं बरं का," टिटवीने सुनावलं. "फुकट काही मिळत नाही." मोठ्या बाईंना! मी डोळेच मिटले. पण बाई खो खो हसत सुटल्या.

घंटा झाली. मुलं बाहेर पडेनात. बुटाखाली कागद चिरडलेला तो मुलगा दारात अडून म्हणाला, "बाई, उद्या काय आहे?"

मोठ्या बाई सवयीने म्हणाल्या, "उद्या नेहमीचं वेळापत्रक."

"तुम्ही नाही," तो टिटवीकडे बोट करून म्हणाला, "आमच्या बाई."

उद्याचं टिटवीच्या हातात काहीच नव्हतं. तिने मोठ्या बाईंकडे बघितलं. मीही बघितलं.

मोठ्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. "माझ्याकडे काय बघता?" त्या टिटवीला म्हणाल्या. "पोरं विचारतायत. सांगा त्यांना, उद्या काय शिकवणार."

"घर्षण," टिटवी म्हणाली. "उद्या घर्षण. सगळ्यांनी एक जुना मोजा घेऊन या."

मुलं पळाली. मी पेटीचं झाकण लावायचं निमित्त करून वरच्या मजल्यावर गेलो आणि तिथेच, शाळेच्या जिन्यात, पोटभर रडून घेतलं.