लवंगेच्या वासाची खोली

धाकटी बहीण कालच्या गाडीने गेली आणि आज सकाळपासून मी भांडी आपटत होते. राग नेमका कुणावर काढायचा, तेच कळत नव्हतं.

आमचा संत्र्यांचा धंदा, बाबा आणि काकांच्या भागीदारीतला. साठवलेल्या मालाला हिरवी बुरशी धरते आणि दरवर्षी पेट्याच्या पेट्या उकिरड्यावर जातात. धाकटी त्यातलंच शिकून आलेली. म्हणाली, "फळं औषधात बुचकळायला नकोत. खोलीत लवंगेचं तेल ठेवते, त्याच्या वासानेच बुरशी आटोक्यात येते. फक्त मी सांगेपर्यंत दार उघडू नका, वास उडून जाईल." काकांनी अट घातली. माल टिकला तर इथेच काम कर, नाहीतर ती चालून आलेली लांबची नोकरी धर. तिला इथेच राहायचं होतं. बाबांचं तर तिच्यावाचून पान हलत नाही.

तिने सांगितलेल्या दिवशी दार उघडलं तर वरपासून खालपर्यंत बुरशी. काका म्हणाले, "अत्तर लावून कुठं फळं टिकतात होय?" पोरीने बॅग भरली.

दुपारी बाबांचे स्वेटर धुवायला घेतले, तर लवंगेचा घमघमाट. एकाला नाही, सगळ्यांना!

"बाबा, तुम्ही त्या खोलीत जात होतात?"

ते खुर्चीत एवढेसे झाले. "राहवायचं नाही गं. रोज सकाळी जाऊन बघायचो, तिचं जमतंय ना. चांगली दिसायची फळं. म्हणून उद्या परत बघावंसं वाटायचं."

"अहो, मग तिला सांगायचं होतं ना!"

"तिचं तोंड बघितलं आणि जीभच उचलली नाही."

असं डोकं फिरलं माझं! तिला स्पीकरवर फोन लावला आणि त्यांच्या हातात कोंबला.

"जेवलीस का?" बाबांनी विचारलं. मी कपाळावर हात मारला.

"जेवले. बाबा, माझंच चुकलं हो. तेल कमी पडलं असणार. उगाच तुम्हाला काकांचं ऐकून घ्यावं लागलं."

बाबा म्हणाले, "तेल पुरेसं होतं, पोरी. दार मी उघडत होतो. रोज."

ती म्हणाली, "आज सकाळीच इथल्या नोकरीच्या करारावर सही केली, बाबा. तीन वर्षांच्या."

बाबांनी फोन मला दिला आणि ओला स्वेटर बादलीतून काढून स्वतःच पिळत बसले.