पोर्ट लुईला गेलेली वाकळ

वाकळ ओळखायला म्हणून विमलाला बोलावलं होतं.

बेंगळूरच्या शिवाजीनगरला बस बदलून, कडेवर सात महिन्यांची पोर घेऊन ती त्या सरकारी ऑफिसात पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. नवऱ्याला पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून रजा मिळाली नव्हती. खरं म्हणजे त्यानं मागितलीच नव्हती. मेव्हणा परदेशात ब्राउन शुगरसकट धरला गेला हे फोरमनला कुठल्या तोंडानं सांगू, असं तो म्हणाला होता.

गुंडो तिचा धाकटा भाऊ. मॉरिशसला, पोर्ट लुईच्या कापडगिरणीत फिटरची नोकरी लागली म्हणून एप्रिलमध्ये बेंगळूरहून मुंबईला गेला, एजंटाच्या खोलीवर आठ दिवस राहिला, विमानात बसला, आणि तिथल्या विमानतळावर उतरल्या उतरल्या सापडला. माल निघाला तो वाकळीतून. आणि वाकळ शिवली होती विमलानं.

त्यांच्या निपाणीकडं गोधडीला वाकळ म्हणतात. आई, गंगव्वा, गेली तेव्हा मागं तिची तीन लुगडी राहिली होती. त्यांची ती वाकळ. तिकडं उकडतंय म्हणं, वाकळ कशाला, असं विमला म्हणाली होती, तर गुंडो म्हणाला होता, उशाला घेईन की अक्का.

खोलीत दोन साहेब होते. गुरुराज साहेब इथलेच, कन्नडमध्ये बोलणारे, तुटक. दुसरे मॉरिशसहून आलेले इन्स्पेक्टर. रंगानं, नाकाडोळ्यानं आपल्यातलेच वाटणारे. त्यांनी उठून नमस्कार केला आणि म्हणाले, "बसा बाई. माझं नाव योगीराज. माझ्या पणजोबांचे वडील रत्नागिरीहून उसाच्या मळ्यांत गेले." त्यांची मराठी एकेक शब्द ठेवणीतल्या पेटीतून काढल्यासारखी होती. पोरीनं त्यांच्या चकचकीत पट्ट्याकडं हात केला तेव्हा त्यांनी खिशातली किल्ली काढून तिच्यापुढं धरली. गुरुराज साहेबांना ते फारसं आवडलं नाही.

इन्स्पेक्टरांनी सगळं सावकाश समजावून सांगितलं. चार महिने दोन्ही देशांत कागद फिरत होते. तिकडून पत्र आलं की इकडून उत्तर, इकडून चौकशी की तिकडून फोटो. पण मुंबईच्या टोळीचा माग गुंडोपाशी येऊन थांबत होता, आणि गुंडो एकच वाक्य धरून बसला होता. वाकळ अक्कानं शिवून दिली, मी उघडली नाही, आत काय होतं मला माहीत नाही. एजंटाचं नाव विचारलं की गप्प. त्याच्यानंतर त्याच माणसांनी आणखी दोघांना पाठवलं होतं. त्यातली एक बाई पोटात पाकीट फुटून विमानतळावरच मेली.

"तुमचा टाका आणि त्या बाजूचा टाका एक आहे का, एवढंच सांगा," ते म्हणाले. "टाका परक्याचा निघाला, तर त्याला माहीत नव्हतं असं कोर्ट मानू शकेल. तो सुटेलही."

फोटो पुढं सरकवले. पहिल्यात आईचं हिरवं लुगडं दिसलं. दंडाच्या शिवणीशी विरलेलं, ज्याला धरून गुंडो चुलीपाशी झोपायचा. विमलानं डोळे फोटोवर रोवले. तिच्या बाजूचे टाके दुहेरी दोऱ्याचे, तांदळाच्या दाण्याएवढे. दुसरी बाजू उसवून पुन्हा शिवली होती. दोरा एकेरी, टाके लांब लांब, वाकडे.

"ह्यो माझा टाका न्हाई," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा माझी ल्येक बरं शिवंल."

इन्स्पेक्टर हसले. लिहून घेतलं. गुरुराज साहेबसुद्धा म्हणाले, सरी, बरोबर आहे, ही बाजू हिची नाही. विमलाला वाटलं, आता उठायचं, जाताना पोरीला बिस्किटचा पुडा घ्यायचा, आणि गुंडोला पत्रात लिहायचं, सुटतोस रे बाबा.

"आणखी एक गोष्ट," इन्स्पेक्टर म्हणाले. "हे आमच्या प्रयोगशाळेला कोडंच आहे."

शेवटच्या फोटोत दोन चिंध्यांच्या गाठी होत्या, सोडून पसरलेल्या. एकीत वाळलेला तुकडा, ज्वारीचा. तो तिच्या बाजूच्या कोपऱ्यातून निघाला होता. दुसरीतलाही वाळका तुकडाच, पण गव्हाचा, पावाचा. तो त्या वाकड्या टाक्यांच्या बाजूनं. माल लपवणारे खायची वस्तू का शिवतील, असं ते विचारत होते.

विमलानं फोटो जवळ ओढला.

वाकळीचं शेवटचं तोंड शिवायच्या आधी गंगव्वा भाकरीचा तुकडा चिंधीत बांधून आत सारायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवलं तर पांघरणाऱ्याचंही रिकामं राहतं, म्हणायची. कधी उसवून नवा थर घातला, की नवं तोंड मिटताना पुन्हा तुकडा. बाजूला गुंडो बसलेला असायचा, तुकडा त्यानं घालायचा. तो त्याचा मान होता. लहान असताना तो त्या भोकात तोंड घालून विचारायचा, जेवलीस का गं?

मुंबईच्या त्या खोलीत भाकरी कुठली मिळणार. पाव मिळाला असेल. चिंधी म्हणून रुमालाची कड फाडलेली, निळ्या रेघांची. तो रुमाल तिनंच त्याला शिवाजीनगरातून घेऊन दिला होता.

त्यानं आईचं लुगडं उसवलं होतं. आत ती पाकिटं ठेवली होती, आपल्या हातानं. आणि सगळं झाल्यावर, ते तोंड उपाशी मिटवायला त्याचा हात धजला नव्हता.

माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. दोघा साहेबांपैकी कुणालाच काही कळलं नसतं. दोन देशांत ती खूण ओळखणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक तुरुंगात होतं. ती तेच म्हणणार होती. पोरीनं किल्ली तोंडात घातली, तिनं ती काढून घेतली, पोर रडायला लागली, आणि तिला थोपटता थोपटता विमलाला ती विमानतळावर मेलेली बाई आठवली. तिच्या घरी कुणी तान्हं होतं का, हे तिनं विचारलंच नव्हतं. आता विचारायची भीती वाटली.

"ज्वारीचा माझा," ती म्हणाली.

"आणि पावाचा?"

तिनं सांगितलं. आईची रीत, चुलीपाशी बसणारा गुंडो, निळ्या रेघांचा रुमाल. गुरुराज साहेबांना निम्मं कळलं, निम्मं इन्स्पेक्टरांनी इंग्रजीत सांगितलं. ते सांगताना इन्स्पेक्टरांचाच आवाज खाली गेला. मग त्यांनी आधीचा कागद बाजूला ठेवून नवा घेतला. म्हणाले, आता सुटणार नाही बाई. पण त्यानं टोळीतली नावं दिली तर वर्षं कमी होऊ शकतात. मी तसं कोर्टापुढं मांडीन.

तिनं वाकळ परत मिळेल का विचारलं. ती पुराव्यात जमा होती. मिळणार नव्हती.

सही करायच्या आधी तिनं कागदावर बोट ठेवलं. "ह्यात आणखी एक लिवा साहेब. त्यानं तिला उपाशी ठेवली न्हाई म्हणून."

याचा कोर्टाला काय उपयोग, असं गुरुराज साहेब म्हणाले. इन्स्पेक्टरांनी ते मराठीतच लिहिलं, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, आणि कागद तिच्याकडं फिरवला. विमलानं सही केली.

"त्याला काही निरोप?" त्यांनी विचारलं.

रडून रडून पोर खांद्यावर झोपली होती. तिचं डोकं सावरत विमला उठली.

"म्हणावं, अक्कानं पाव ओळखला. आता बोल."