लहानीच्या जागेवरचं बाकडं

मी बाकडं बोलतोय. सिमेंटचं, पाठ टेकायची सोय असलेलं, निळ्या-पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांनी मढवलेलं. मुरबाडच्या करंजआळीच्या तोंडाशी, झाडाच्या दाट सावलीत मला बांधलंय. येणारे-जाणारे घटकाभर टेकतात, "काय झकास काम केलंय हो पोरांनी" म्हणतात, आणि ते ऐकलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

माझा जन्म भल्या हेतूने झाला, हे आधी सांगतो. या कोपऱ्यावर उकिरडा होता. नाकाला पदर लावल्याशिवाय बाया इथून जात नसत. नगरपंचायतीने जाहीर केलं, वस्तीतल्या लोकांनी स्वतः राबून आपला कोपरा सुधारला, तर सामानापुरती मदत मिळेल. शाळेत शिकवणाऱ्या संघरत्नाने अर्ज लिहिला. कंपनीत कामाला जाणाऱ्या महेंद्रने घरोघरी फिरून माणसं जमवली. पौषातल्या थंडीत दर रविवारी दहा-बारा जण घमेली, फावडी घेऊन उतरायचे. हातांना फोड आले तरी कुणी मागे हटलं नाही. आळीतल्या देवजीकाकांनी गवंडीकाम अंगावर घेतलं आणि दिवसाची मजुरी बुडवून मला उभं केलं.

उकिरड्याच्या त्या कोपऱ्यात एकच जागा स्वच्छ होती. करंजाच्या बुंध्यापाशी, दोन पोती पसरतील एवढी. तिथे लहानी रानभाज्या नि रानमेवा विकायला बसायची. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातून जीपने यायची. थंडीत करांदे आणि वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदं, पाऊस तोंडावर आला की शेवळं. बावीस वर्षं ती रोज सकाळी ती जागा झाडून, पाणी शिंपडून मग टोपली उतरवत होती. संघरत्ना शाळकरी असल्यापासून तिच्याकडून करवंदं घ्यायची.

मला बांधायचं ठरलं ते सावलीत. आणि सावली होती ती लहानीच्या जागेवर.

पाया खणायला आले तेव्हा लहानीने आपणहून टोपली उन्हात सरकवली. शेजारच्या घरातून कळशी मागून आणली आणि दर रविवारी दिवसभर सगळ्यांना पाणी पाजलं. मध्येच एकदा विचारलं, "मंग मी कुठं बसायची गो?"

"अगं मावशी, तुझ्यासाठीपण आहेच की हे," संघरत्ना म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं. मी तेव्हा गुडघ्याएवढा होतो, पण तिचा आवाज मला ओळखू आला.

मी पुरा झालो त्या आठवड्यात लहानी भाचीच्या गावी लग्नाला गेली होती. इकडे निरोप आला की काम बघायला नगरपंचायतीचे साहेब येणार आहेत. महेंद्र घाईला आला, संघरत्नाला म्हणाला,

"कोपरा चकाचक दिसला पाहिजे. टोपल्या, पोती, सालपटं दिसली तर काय म्हणतील? पुढल्या वर्षी आपल्याला गटार मंजूर करून घ्यायचंय. पावसात घराघरात घाण शिरते, विसरलीस?"

"पण लहानीमावशी?"

"बाजार हाय ना. चार दिवस बसेल तिकडं. तुझं अक्षर चांगलं आहे, लिहून टाक."

 संघरत्नाने ब्रश घेतला आणि माझ्या पाठीवर लिहिलं, 'येथे बसून विक्री करू नये.' शेवटच्या शब्दाशी तिचा हात थांबला. मला वाटलं, आता फडक्याने पुसेल. पण तिने अक्षराचा कडेला आलेला ओघळ तेवढा नीट केला.

सोमवारी लहानी आली. मला बघून हरखलीच. तळवा माझ्यावर फिरवत म्हणाली, "केवढं गार लागतंय!" पायाशी पोतं अंथरलं, जागा पुरेना म्हणून करांद्यांचे वाटे माझ्यावर मांडले. तेवढ्यात संघरत्ना शाळेला निघालेली दिसली.

"ह्ये काय लिवलंय गो, पोरी?"

संघरत्नाने पर्स उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "काय नाय मावशी. काम केलेल्यांची नावं आहेत."

"मंग माझं पन आसंल!" लहानी हसली. "पानी म्याच पाजलं तुमाला."

संघरत्नाही हसली, आणि भराभर निघून गेली. ते अक्षरन् अक्षर माझ्या पाठीवर होतं. मला तोंड असतं तर मी तरी काय बोललो असतो?

तासाभराने पलीकडच्या घरातली रश्मी शेंगा घ्यायला आली. शेंगा भरता भरता लहानी तिला म्हणाली, "माझं नाव कुठंशी हाय त्ये दाव गो जरा. बोट ठेव त्याच्यावर." रश्मीने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. ती टाळू लागली, पण लहानी ऐकेना. शेवटी तिने हळूच वाचून दाखवलं. लहानीने तिला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग माझ्यावरचे करांदे एकेक उचलून टोपलीत ठेवले, माझ्यावर पडलेली माती पदराने पुसली आणि टोपली डोक्यावर घेऊन गेली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माती पुसली, ते मला अजून सोसत नाही.

साहेब येऊन गेले, कौतुक करून गेले. चार दिवसांचे दोन महिने झाले. लहानी फिरकली नाही, आणि माझ्या पाठीवरची अक्षरंही कुणी पुसली नाहीत.

संघरत्नाची आई धोंडाबाई गुडघ्यांनी अधू झालेली. संध्याकाळी लेक तिला धरून आणायची, माझ्यावर बसवायची. "लहानी दिसत नाय ती?" असं ती रोज विचारायची, आणि "असेल गावी" असं संघरत्ना दुसरीकडे बघत सांगायची. एके दिवशी रश्मीने धोंडाबाईला सगळं सांगून टाकलं. त्या संध्याकाळी म्हातारी माझ्यापाशी आली, पण बसली नाही. लेकीच्या खांद्याला धरून उभीच राहिली.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "मलापण अशीच फशिवशील का गो तू?"

 संघरत्ना माझ्या कडेला टेकली आणि तोंड झाकून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पॉलिश पेपर आणला आणि माझी पाठ घासली. रंग गेला, पण घासल्याच्या खुणा राहिल्या. मग ती जीपने लहानीच्या गावी गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा धोंडाबाई माझ्यापाशी वाट बघत उभी होती.

"भेटली?"

"भेटली. 'बसा म्याडम' म्हणाली."

"म्याडम?"

"हो. पाणी दिलं, चहा दिला. मी पाया पडायला वाकले, तर मागे सरली. म्हणाली, 'हाकलली आसती तर भांडली आसती म्याडम. तुमी हसून खोटं बोललात. आता कुनाशी भांडू?'" संघरत्नाने पर्स खांद्यावरून काढून माझ्यावर ठेवली. "मी म्हटलं, मावशी, बाकड्यावर खुशाल मांड, कुणी काही बोलणार नाही. तर म्हणाली, 'भाजी जमिनीवर मांडायची आसते. जमीन तर तुमी झाकून टाकली.'"

धोंडाबाईने मला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं. मी किती रुंद आहे, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

रविवारी सगळे जमले. संघरत्नाने उभं राहून आपण काय केलं ते सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. मग म्हणाली, "बाकडं अर्धं काढू या. बुंध्याकडचं."

"फोडायचं?" महेंद्र उसळला. "एवढं राबलो आपण! साहेबांनी विचारलं तर काय सांगशील?"

"झालं ते सांगेन. माझ्या सहीने लिहून देईन."

"आणि गटार?"

"त्याचा अर्जही मीच लिहीन. पण आधी त्या बाजूला कोण बसतं, कोण राहतं, त्यांच्या घरी जाऊन विचारीन."

 महेंद्रने माझ्या पाठीवरच्या खुणांवर बोट फिरवलं. "तुला लिहायला मीच लावलं होतं," तो म्हणाला. "दोघांच्या सह्या करू."

आज पुन्हा रविवार आहे. देवजीकाका सकाळपासून घण चालवताहेत. महेंद्र तुकडे घमेल्यात भरतोय, संघरत्ना वाहून नेतेय. लहानी येईल की नाही, कुणालाच ठाऊक नाही. तिला निरोप पाठवलाय. उत्तर आलेलं नाही. न येण्याचा तिला हक्क आहे, हे आता आळीला कळलंय.

मला फोडताना दुखत नाही. अजून ताठ उभा आहे, याचीच लाज वाटते. घण पडतो, फरशी उडते, पण आतलं अंग हलत नाही. देवजीकाका घाम पुसत म्हणतात, "लय पक्कं बसलंय रे. जाम फुटत नाय."

काका, जरा डावीकडे मारा. मला बांधताना लहानीने दिलेलं पाणी प्यायला उठलात, तेव्हा तिथलं सिमेंट घाईत भरलं गेलं, आत पोकळ राहिलंय. हे फक्त मला माहीत आहे. तिथे मारा.