हॉलच्या लाइनीचा खटका

धक्का देणारा मी नव्हे, बरं का. धक्का बसायच्या आधी जो पडतो, तो मी. दुकानात मला एमसीबी म्हणतात. या घरात सगळे खटका म्हणतात, तेही बहुतेक वेळा कपाळाला आठ्या घालून.

दाराच्या मागे, छत्र्या अडकवायच्या खुंटीच्या वर एक पत्र्याचा डबा आहे. त्यात आम्ही भावंडं रांगेने उभी असतो. एक स्वयंपाकघराचा, एक गिझरचा, एक आतल्या खोल्यांचा आणि मी हॉलचा.

कारखान्यात एका बाईने मला जुळवलं आणि दुसरीने मुद्दाम पाडून पाहिलं. मी झटक्यात पडलो तशी तिने मान डोलावली आणि मला चांगल्या मालाच्या खोक्यात टाकलं. पडल्याबद्दल माझं कौतुक झालं ते तेवढंच.

माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे. कुणी पेलवणार नाही इतका भार टाकला की ती तापते, हळूहळू वाकते आणि मला पाडते. शिवाय तांब्याच्या तारेची एक गुंडाळी आहे. वीज एकदम उसळली की ती मला त्याच क्षणी खाली ओढते. म्हणजे वायर कुठेतरी दुखावलेली असते. या दोन पडण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. मला बोलता येत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कित्येक वर्षं माझ्या वाट्याला हॉलचे दिवे, पंखा आणि टीव्ही एवढंच होतं. मी आहे हेही कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासारख्याला तेच सुखाचं.

मग ताई परत यायची ठरली. ताई म्हणजे या घरातली थोरली मुलगी. तिने सासर सोडलं होतं. का सोडलं हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. बाबांनी मात्र लगेच माळ्याची खोली करायला काढली. मोडक्या खुर्च्या, जुन्या गाद्या आणि पुस्तकांचे गठ्ठे खाली आले. पोरगी घरी आली आणि हॉलमध्ये गादी पसरून झोपली, असं त्यांना होऊ द्यायचं नव्हतं.

घाईचं काम ते घाईचं काम. वायरमन आला तेव्हा सुतार फळ्या घेऊन तयारच उभा होता.

"डब्यातून वेगळी लाइन ओढायला हवी," वायरमन म्हणाला. "आणि फळ्यांखाली पाइप टाकू. थोडा वेळ द्या मला."

"अहो, फळ्यांखाली कोण बघायला जातंय?" बाबा म्हणाले. "हॉलमधूनच द्या वर. चालवून घ्या."

त्याने चालवून घेतलं. पाइपाशिवायच वायर लाकडांमधून वर गेली, तिच्यावर फळ्या बसल्या, फळ्यांवर पॉलिश झालं आणि माळ्याचा सगळा भार माझ्या गळ्यात पडला.

सगळे गेल्यावर बाबा एकटेच वर गेले. जिन्याच्या तोंडाशी असलेली फळी पाय पडला की करकरायची. पोरीला जाता-येता तो आवाज नको म्हणून त्यांनी हातोडी घेतली आणि एक लांब खिळा ठोकून दिला. फळीचा आवाज बंद झाला. बाबा खूश होऊन खाली आले. त्या खिळ्याचं टोक माझ्या वायरीत घुसलं होतं. हे मला फार नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निदान तुम्ही तरी भलत्यावर रागावणार नाही.

ताई आली ती एक बॅग आणि शिवणयंत्र घेऊन. यंत्राला मोटर होती. एका दुकानाने तिला शाळेचे गणवेश शिवायचं काम दिलं. कापडाचे गठ्ठे खालून वर जायचे आणि शिवलेले शर्ट वरून खाली यायचे. "माझं मी बघेन आई," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. "तुमच्या जिवावर नाही राहणार." ते यंत्र चालू राहणं म्हणजे तिच्यासाठी मान वर करून या घरात राहणं होतं.

मी पहिल्यांदा पडलो तेव्हा ती गठ्ठा उचलून वर पोचतच होती. टीव्हीवरच्या बातम्या वाक्याच्या मधेच तुटल्या. तिचा धाकटा भाऊ हॉलमधल्या टेबलावर ऑफिसचं काम करत होता, त्याचा इंटरनेटचा डबा बंद पडला.

"ताई, काय लावलंस वर?"

"काही नाही रे. आत्ताच वर आले मी."

"मग लाईट काय आपोआप गेली?"

त्याने मला वर ढकललं आणि मी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलो. मग पडतच राहिलो. दर वेळी गुंडाळीने मला खेचलं होतं, पट्टी जेमतेम कोमट होती. मी जिवाच्या आकांताने सांगत होतो की अरे, भार जास्त झालेला नाही, वायर दुखावली आहे. पण मला दोनच शब्द येतात, चालू आणि बंद.

वायरमनला बोलावणं गेलं. माणूस हलका, पायातलं काढून मांजरासारखा वर चढला. त्याने सगळे प्लग काढले आणि एकेक लावून पाहिला. पंखा, दिवा, इस्त्री, शेवटी मोटर. मी ताठ उभा. उभा राहणारच. रिकाम्या हाताच्या त्या हलक्या पावलांनी फळी दबतच नव्हती. ती दबायची ताईच्या डोक्यावर गठ्ठा असला की, आणि तेवढ्यापुरता खिळा हलायचा.

"वर लावलेल्यातलं काही बिघडलेलं दिसत नाही," वायरमन म्हणाला. "खात्री करायची तर फळ्या उचकटाव्या लागतील."

बाबांचा चेहरा पडला. "आत्ताच तर पॉलिश झालंय हो. ते सोडून दुसरं काय असेल ते बघा."

"मग मोटर दाखवून आणा एकदा."

मोटर दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली. तिला काही झालेलं नव्हतं, तरी दोष तिच्यावरून हलला नाही, आणि मोटरवर म्हणजे ताईवर. ताईने मोटर काढून ठेवली आणि यंत्र पायाने चालवू लागली. इस्त्री खाली आणली, तीही हॉलमध्ये कुणी नसेल तेव्हा. तरी गठ्ठा वर न्यायची वेळ आली की मी पडायचो आणि सगळं खापर तिच्या माथी फुटायचं. मी पडलो की कुणी विचारायच्या आधीच तिचा आवाज यायचा, "मी काही लावलं नाही हं."

एकदा आईसुद्धा बोलून गेली, "अगं, जरा जपून वापर की." आईच्या मनात वाईट नव्हतं. पण त्यानंतर ताईचा दिवा लवकर विझायला लागला. कोण किती वीज घेतं ते माझ्यापासून लपत नाही. दोन पंख्यांइतकीही वीज ती बाई घेत नव्हती.

शेवटी धाकट्याने स्वतःच निकाल लावला. "वायरिंग ठीक, मोटर ठीक, मग हाच बाद झालाय," असं म्हणत त्याने माझ्या नाकावर टिचकी मारली आणि बाजारातून माझ्यापेक्षा मोठा खटका आणला. दुकानदाराने वायर किती जाडीची आहे ते विचारलं होतं म्हणे. "म्हटलं, असेल जाड," हे तो हसत हसत आईला सांगत होता. मला काढून त्याने डब्याच्या वर ठेवलं, धुळीत.

नवा आलेला गडी तसा वाईट नव्हता. त्याला जाडजूड वायरींच्या राखणीसाठी घडवलं होतं. जेवढ्या विजेने आमची वायर जळेल, तेवढी त्याच्या खिजगणतीतही नव्हती. मी वरून त्याला बघत पडून राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला पडता येत नव्हतं.

घरात आनंदीआनंद झाला. लाईट जाईना. "बघ, आता बिनधास्त लाव मोटर," आई जिन्यातून वर ओरडली, आणि वरून ताईचं हसू ऐकू आलं. ते मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो. शाळा उघडायच्या आत गणवेश द्यायचे होते. मोटर दिवसभर घरघरू लागली.

ती सुट्टीची दुपार होती. जेवणं आटोपून सगळे हॉलमध्ये पडले होते. टीव्ही चालू होता. वर मोटर थांबली. थोड्या वेळाने पंखाही थांबला. मला वरून काहीतरी जळल्याची चरचर ऐकू आली, खाली कुणाला काही नाही. मग जिन्यातून काळपट धूर उतरला तेव्हा बाबांनी मान वर केली.

धाकटा धावत अर्धा जिना चढला आणि तिथेच थबकला. जिन्याच्या तोंडाशी ताई गुडघ्यांवर बसली होती. फळ्यांच्या फटींतून जाळ येत होता आणि ती शिवलेले शर्ट घड्या करकरून दोन्ही हातांनी त्याच्यावर दाबत होती. शर्ट पेटत होते, ती दुसरे घेत होती. ओठ घट्ट मिटलेले. तिच्या तोंडून हूं की चूं नाही.

बाबांनी मेन स्विच पाडला. बादल्या वर गेल्या. खोलीचं छप्पर काळं झालं, तोंडाशी भगदाड पडलं, पण आग तेवढ्यावर राहिली. ताईला दवाखान्यात नेलं.

वायरमनने नंतर उरलेली फळी उचकटली. वायर जळून कोळसा झाली होती आणि कोळशात खिळा उभा होता. त्याने तो पकडीने उपसून बाबांच्या हातावर ठेवला.

"सुताराने एवढा लांब खिळा मारला कशाला?" तो म्हणाला.

बाबांनी खिळा उलटसुलट करून पाहिला. "सुताराचा नाही," ते म्हणाले. "माझा आहे."

ताई घरी आली तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. पहिले काही दिवस कुणीच विषय काढला नाही. आई भरवत होती. शेवटी धाकट्याला राहवलं नाही.

"ताई, एक हाक का नाही मारलीस? आम्ही खालीच होतो गं."

ताईने आईच्या हातातला घास नको म्हणून मान वळवली. मग म्हणाली, "वास आदल्या दिवसापासून येत होता. धूर दिसला तेव्हा मी सगळं बंद केलं. म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत विझवते."

"पण का?"

"नाहीतर पुन्हा माझंच नाव आलं असतं ना रे."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं, कुणाला तरी उलट बोलता आलं असतं. बाबा उठून बाहेर गेले आणि अंधार पडेपर्यंत आत आले नाहीत.

आता पाइपातून नवी लाइन गेली आहे. मोठ्या खटक्याला काढलं आणि वायरमनने मला फुंकर मारून परत जागेवर बसवलं. "हा चांगलाच होता," तो म्हणाला. ते ऐकून मला काडीचाही आनंद झाला नाही. वरची खोली बंद असते. यंत्र बासनात बांधून ठेवलंय. ताईच्या जखमा भरल्या, पण बोटं नीट मिटत नाहीत. सुई धरायचा प्रश्नच नाही.

तुमच्याही दारामागे माझं एखादं भावंड उभं असेल. ते पडलं तर चिडा हवं तर, पण कुणी काय लावलं म्हणून घरात माणूस शोधत फिरू नका. वायर कुठे दुखावली आहे ते शोधा. फळ्या उचकटाव्या लागल्या तर उचकटा. पॉलिश पुन्हा करता येतं. आणि पडणाऱ्याच्या जागी न पडणारा आणून बसवू नका, एवढी विनवणी आहे.

मी आता पडत नाही. हॉलचे दिवे, पंखा, टीव्ही, पूर्वीसारखंच सगळं. काल संध्याकाळी मात्र कितीतरी वेळ माझ्यातून वीज गेलीच नाही. घरात कुणी नाही असं मला वाटलं. मग बाहेरून आई आली. ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. दिव्याचं बटण तिच्या खांद्याजवळच होतं, कोपराने दाबता आलं असतं.

"अगं, अशी काळोखात काय बसलीस?" आई म्हणाली. "दिवा नाही का लावायचा?"

"राहू दे," ताई म्हणाली. "दिसतंय मला."