मिठावर तेल नको

"तेल आहे," गाडीखालून व्हर्नाचा आवाज आला.

"घाम असेल," क्लेम म्हणाला. "बेचाळीस डिग्री आहे. मलाही आलाय."

व्हर्ना पाठीवर सरकत बाहेर आली. दोन बोटांना काळा ओशट पट्टा लागला होता. "घाम काळा येतो का रे तुला? इंजिनचं मागचं सील ओलं आहे. आणि ही बघ, तेल मोजायची पट्टी वर उचलली गेलीय. सकाळच्या रनला आतून दाब आलाय."

तपासणीच्या रांगेत मागे आठ गाड्या होत्या. पुढे क्षितिजापर्यंत पांढरं मीठ, त्यावर डांबरी रंगाने ओढलेली एक सरळ रेघ. वर्षातून एक आठवडा हे कोरडं तळं शर्यतवाल्यांना मिळायचं. तळं ज्यांचं होतं त्या लोकांची अट एकच होती: जसं दिलं तसं परत द्या. मिठात मुरलेलं तेल निघत नाही. शिवाय ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगात ते मागच्या चाकाखाली आलं, किंवा तापून लाल झालेल्या टर्बोवर उडालं, तर काय होतं हे व्हर्नाने एकदा पाहिलं होतं. त्या माणसाला घेऊन हेलिकॉप्टर उडालं तेव्हा हेल्मेट धरून तीच उभी होती.

"लाल स्टिकर लावतेय," ती म्हणाली. "ही गाडी सुटणार नाही."

क्लेम नोस्के चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. पुढच्या वर्षीपासून त्याच्या वयाच्या ड्रायव्हरांना परवाना बंद होणार होता. ताशी दोनशे मैलांचा आकडा त्याने बावीस वर्षांत एकदाही गाठला नव्हता. आज सकाळी एकशे त्र्याण्णव झाले होते. चार वाजता दक्षिणेचा वारा सुटणार आणि ट्रॅक बंद होणार, असं रेडिओवर सांगितलं होतं. उद्याचा दिवस पावसाचा, म्हणजे संपलंच.

"व्हर्ना," तो हळूच म्हणाला, "दुसरा कुणी असता तर मी भांडलो असतो."

"दुसरा कुणी असता तर मीही इतका वेळ बोलत बसले नसते."

एकोणिसाव्या वर्षी ती रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागली तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. पहिले तीन आठवडे तिला फक्त चहा करायला लावला होता. चौथ्या आठवड्यात फोरमन क्लेमने किटली तिच्या हातातून काढून घेतली, पाना दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चहा आता ज्याला तहान लागेल त्याने करायचा." आज व्हर्ना ट्रेझाइस एकसष्ट वर्षांची होती. चौतीस वर्षं बसडेपोत इंजिनं उघडत होती. आणि एकोणीस वर्षं सुट्टी घालवून, स्वतःचं डिझेल जाळून, इथे पिवळं जाकीट घालून गाड्या तपासत होती. तिने पास केलेल्या गाडीतून आजवर थेंब पडला नव्हता.

तिने स्टिकर लावला. मग बॉनेट उघडून वाकली.

"हे कुणी जोडलंय?"

"मीच. का, दिसायला छान नाही?"

"छान आहे. इंजिनातला वायू सोडायची नळी पेनाएवढी, ती पण टर्बोच्या खालून पोट काढून वर गेलीय. त्या पोटात तेल साठलंय. बूच बसलंय नुसतं."

"अगं, दुसरी वाट आहे ना. तो व्हॉल्व्ह."

"इंजिन सुरू कर."

तिने तेल भरायचं झाकण काढलं आणि त्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. क्लेमने खिडकीतून हात घालून इंजिन सुरू केलं आणि तो बॉनेटपाशी आला. मोजा आत ओढला गेला.

"बघ! श्वास घेतंय की," क्लेम ओरडला.

"नुसतं उभं आहे म्हणून. टर्बो हवा कोंबायला लागला की तुझा हा व्हॉल्व्ह मिटतो. मिटला समज." तिने व्हॉल्व्हची नळी चिमटीत दाबली. "आता इथूनच हाताने दे रेस."

मोजा हलला, उभा राहिला, एकेक बोट फुगलं आणि पाच बोटांचा पंजा टक्क उडून क्लेमच्या छातीवर आदळला. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली.

क्लेमने इंजिन बंद केलं. पिस्टनच्या रिंगांशेजारून थोडा वायू खाली उतरतोच, टर्बो असला तर पुष्कळच, आणि त्याला बाहेरची वाट मिळाली नाही तर तो सीलमधून तेल घेऊन निघतो, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. घड्याळात पावणेबारा झाले होते.

"फीगर्ट!" व्हर्नाने मुख्य तपासनिसाला हाक मारली. "मी या गाडीवर हात लावला तर चालेल?"

फीगर्ट तंबूतून बाहेर आला. "तपासनिसाने स्पर्धकाच्या गाडीवर काम करायचं नाही. तूच लिहिलेला नियम आहे, बाई."

"माहितीये."

"एकदा हात लावलास की परत या जाकिटात येता येणार नाही. मी तुझ्यासाठी वाकवला तर उद्या सगळे वाकवतील."

"वाकवू नकोस."

"व्हर्ना, मूर्खपणा करू नकोस," क्लेम म्हणाला. "मी करतो."

"तू चार वाजेपर्यंत पानाच शोधत बसशील, म्हाताऱ्या."

तिने जाकीट काढलं, घडी घातली आणि फीगर्टच्या हातात दिलं. ते घेऊन तो पुढच्या गाडीकडे वळला.

तिच्या पिकअपवर डिझेल भरायचा पंप होता. त्याची इंचभर जाडीची नळी तिने कापली. पिकअपच्याच रेडिएटरशेजारची, उतू आलेलं पाणी जमा होणारी अ‍ॅल्युमिनियमची टाकी काढून धुऊन कोरडी केली.

"घरी कशी जाशील?" क्लेमने विचारलं.

"टाकीच्या जागी पाण्याची बाटली बांधून. बोलू नकोस, धर इथे."

टाकीत तिने तारेच्या घासण्या ठासून भरल्या. त्यांना आदळून तेल खाली बसावं, हवा तेवढी वरच्या जाळीतून निघून जावी. तेलाच्या झाकणाला भोक पाडून तोटी बसवली. व्हॉल्व्ह काढून टाकला, त्याचं तोंड बुजवलं. टाकी इंजिनपेक्षा उंच, इंजिन आणि ड्रायव्हरमधल्या आगभिंतीला पक्की आवळली. नळी सारखी चढती ठेवली, कुठेही पोट नाही. मीठ उन्हात डोळ्यांत घुसत होतं, हात पोळत होते. एक बोल्ट हातातून निसटला तेव्हा तिने अशी शिवी घातली की शेजारचा माणूस आपलं सँडविच ठेवून शोधायला आला.

दोन वाजून दहा मिनिटांनी फीगर्ट स्वतः खाली वाकला. नळी ओढून पाहिली, टाकी हलवून पाहिली. गाडीखाली बराच वेळ पडून राहिला. व्हर्ना बाजूला उभी होती. हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. फीगर्ट उठला, लाल स्टिकर खरवडून काढला आणि हिरवा लावला.

अडीच वाजता क्लेम सुटला. व्हर्ना पिकअप घेऊन ट्रॅकच्या शेवटाला थांबली होती. आधी दूरवर एक ठिपका, मग आवाज, मग गाडी तिच्यासमोरून गेली. तिची नजर मागे धूर शोधत होती. धूर नव्हता. गाडी थांबवायचं पॅराशूट उघडलं.

तिने आधी बॉनेट उघडलं. टाकीच्या तळाशी कपभर तेल होतं. सील कोरडं खडखडीत. गुडघे मिठावर टेकून ती नुसतीच हसली.

गाडी ओढून परत आणल्यावर तंबूच्या खिडकीतून क्लेमला वेळेची चिठ्ठी मिळाली. त्याने ती धरली, लांब नेली, मान वळवून कडेने पाहिली.

"किती?" व्हर्नाने विचारलं.

"वाच की तूच."

तिने चिठ्ठी घेतली. आकडे बोटाएवढे मोठे होते. ती आकड्यांकडे पाहत राहिली, मग त्याच्याकडे.

"क्लेम. कधीपासून?"

तो म्हणाला, "डावा डोळा हिवाळ्यातच गेला. उजव्याचं मधलं दिसणं जातंय."

"आणि डॉक्टरने पास केलं?"

"बाहेर बाकावर बसून आधीच्या तिघांनी तक्त्यावरून वाचलेली अक्षरं ऐकली. पाठ करायला काय लागतंय." तो हसायचा प्रयत्न करत होता. "कडेने बघितलं की काळी रेघ दिसते गं. तेवढी पुरते."

"कपभर तेलासाठी मी अडवलं तुला. जाकीट दिलं मी."

"तू गाडी तपासलीस, पोरी. मला कुणी तपासलंच नाही." मग त्याने विचारलं, "किती?"

खोटं सांगितलं असतं तर त्याला ते कळलं नसतं.

"एकशे सत्त्याण्णव."

"तीनच!" क्लेमचा चेहरा उजळला. "इंजिन कोरडं आहे ना? मग आहे अजून. वारा यायला तास आहे. एकदाच, व्हर्ना. रांग लहान आहे."

तो चाचपडत गाडीत शिरला आणि पट्टे शोधू लागला. व्हर्ना खिडकीतून आत वाकली. पट्टा लावून द्यायला आली असं त्याला वाटलं. त्याने हात वर केले. तिने स्टिअरिंगमागची कडी ओढली आणि स्टिअरिंगच खटकन काढून घेतलं.

वर केलेले हात क्लेमने मांडीवर ठेवले. दूर कुणाचं तरी इंजिन सुरू झालं, चढलं आणि विरत गेलं.

व्हर्नाने स्टिअरिंग काखेत धरलं आणि दुसरा हात त्याच्यापुढे केला. तो हात नेमका कुठे आहे, हे त्याला सापडायला थोडा वेळ लागला.