उडत्या म्हशीची दांडी

मित्रांनो, उडती म्हैस अखेर तळ्यात बुडाली. माझीच मान धरून बुडवली. ती बुडाली आणि मला फार बरं वाटलं.

असं काही झालेलं नाही. वरच्या ओळी वाचल्याच नाहीत असं समजा.

तर मी एक जुनी जॉयस्टिक. संगणकावरच्या विमानाच्या खेळात विमान जिने वळवतात ती दांडी. श्रीरामपुरात नोहा सरांचा संगणक वर्ग आहे. तिथे मी एकोणीसशे शहाण्णव साली पुण्याहून एसटीने आले, बुटाच्या खोक्यातून. सरांनी नवे बूट घेतले म्हणून वर्गाने आधी टाळ्या वाजवल्या. माझा जन्म कोणत्या देशातला ते माझ्या बुडाखाली लिहिलंय म्हणतात. स्वतःच्या बुडाखालचं कोणाला वाचता आलंय?

सुरुवातीचे दिवस वैभवाचे होते. येईल तो आधी माझी मान धरायचा. शेजारी कीबोर्ड उताणा पडलेला असायचा. त्याला शंभर बटणं, मला दोन, तरी गर्दी माझ्यापुढेच. हेवा करावा असं कोणी आसपास नव्हतं, त्यामुळे माझा स्वभाव फार उदार होता.

मग म्हैस आली.

ती आराधनाने घडवली. आराधना नववीतली. तिचे बाबा, शमुवेल, बैलगाडीतून ऊस घेऊन साखर कारखान्यावर जायचे आणि गाड्यांच्या रांगेत अडकून पडायचे. बैल कंटाळायचे, ऊस वाळायचा, बाबा चिडायचे. त्या खेळात आपलं विमान आपल्याला घडवता येतं हे कळल्यावर आराधनाने ठरवलं, बाबांचा ऊस रांगेवरून उडवत न्यायचा. शेतात धावपट्टी नाही, म्हणून विमानाने जागेवरूनच सरळ वर जायचं. वाटेत पाणी लागतं, म्हणून त्याने पाण्यातही बसायचं. पोटात गाडीभर ऊस मावायचा. उडण्याचं तेवढं सोडलं, तर बाकी सगळं जमेल असा एक प्राणी त्यांच्या गोठ्यातच होता. तिने दोरीने म्हशीची मापं घेतली, ती संगणकात घातली आणि वर चार इंजिनं बसवली.

ते विमान उठायचंही म्हशीसारखं. आधी मागचा भाग, मग पुढचा.

बघणारे म्हणायचे, "काय म्हैस आहे!" मित्रांनो, "काय दांडी आहे!" असं एकदाही कोणी म्हणालं नाही. काचेमागच्या चार ठिपक्यांचं एवढं कौतुक आणि मला खरीखुरी वायर असून माझी धूळही कोणी पुसेना. मी जळू लागले. इतकी, की सरांना वाटलं आत काहीतरी जळतंय. त्यांनी मला उघडून पाहिलं. आत काही सापडलं नाही. हेवा पेचकसाने निघत नाही.

एके दिवशी सर म्हणाले, "आराधना, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर घालायचंय. जागा नाही. खेळ पुसावा लागेल."

"आणि म्हैस?"

"तीही जाईल."

तिचा चेहरा इतका उतरला की सर नरमले. म्हणाले, "रविवारी बाबांना घेऊन ये. भरल्या उसासकट म्हैस उठली आणि धड पाण्यात बसली, तर खेळ राहील. बुडाली, तर पुसणार. एकच संधी."

मी मनात म्हटलं, देव आहे.

रविवारी चर्चमधली उपासना आटोपून बापलेक आले. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून पडद्याला नमस्कार केला. आराधनाने माझी मान धरली. म्हैस उठली. रांग नाही, धूळ नाही. खेळातल्या, अमेरिकेतल्या कुठल्याशा तळ्यावरून श्रीरामपूरचा ऊस निघाला.

बाबा म्हणाले, "लई ग्वाड उडती गं! उतरवायचं मला दे. ऊस माझा हाय."

तिने मला त्यांच्या हाती दिलं. त्या हाताची पकड मी अजून विसरले नाही. आयुष्यभर कासरा धरलेला हात होता. म्हैस खाली खाली आली. पाणी जवळ आलं. आता थांबवावं म्हणून बाबांनी कासरा ओढावा तसं मला मागे ओढलं.

"हो... हो... हो रं!"

मित्रांनो, कासरा मागे ओढला की बैल थांबतो. विमानाची दांडी मागे ओढली की विमान नाक वर करतं. म्हशीने नाक वर केलं. शेपूट पाण्यात.

"बाबा, ओढू नका! पुढं ढकला!"

"उभ्या जनावराला कुनी ढकलतंय व्हय?" म्हणून त्यांनी आणखी ओढलं.

"पी! बाबा, पी दाबा, पी!"

"आता काय पानी पाजू तिला? बुडाया लागली ती!"

आराधनाने स्वतःच कीबोर्डवर पी दाबला. पी म्हणजे खेळ थांबवायचं बटण. सगळं जागच्या जागी थांबलं. नाक वर, बाकी म्हैस पाण्यात.

सर म्हणाले, "बुडाली."

"बुडाली?" बाबा उसळले. "मास्तर, तुमी म्हैस पान्यात बसल्याली कंदी बघितली का न्हाई? नाक तेवढं वर. अशीच बसती!"

सरांनी वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शहरात वाढलेला माणूस. म्हणाले, "बरं. बसली. पण आता पुन्हा बुडाली, तर मात्र पुसणार."

झालं. ते दृश्य तसंच खेळात साठवून ठेवलं. पुढे ढकललं तर काय होईल ते कोणालाच माहीत नाही, म्हणून मला हात लावायची बंदी झाली. "दांडी हलली की म्हैस बुडेल." मला रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवलं. आराधना रोज येते, खेळ लावून म्हशीकडे बघते आणि म्हणते, "बस गं निवांत." मग पी कोणी दाबला होता याची आठवण काढून कीबोर्ड पुसते. माझ्यासमोर.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या. पण शेजारच्या वस्तूला दिसेल अशी घेऊ नका.

तरी उडती जनावरे खात्याच्या माननीय अधिकाऱ्यांना नम्र विनंती की, त्यांनी समक्ष तळ्यात उतरून सदर म्हशीचा पंचनामा करावा, ती बुडाली की बसली याचा एकदाचा निकाल द्यावा, आणि तोपर्यंतची माझी कपाटावरची गैरहजेरी ही दांडी न धरता हक्काची रजा धरावी. निकालाची एक प्रत म्हशीस, तिला उठायला न लावता, जागेवर पोच करावी.